सर हॉटेलात उतरले

सर गेले तेव्हा आमच्या संघटनेनं श्रद्धांजलीचं पत्रक काढलं. गुलाबी कागद, मधोमध सरांचा फोटो आणि खाली जाड अक्षरांत ओळ: "स्वतःचा ग्लास स्वतः धुणारा नेता!!!"

तीन उद्गारचिन्हं. सरांना एकसुद्धा चाललं नसतं. "ज्याले आपल्या वाक्याचा भरवसा नाही, तो शेवटी काठी उभी करते," असं ते म्हणायचे. माझ्या पहिल्या पत्रकात अशा काठ्यांचं कुंपणच होतं. त्यांनी लाल पेनानं ते सगळं उपटून टाकलं आणि खाली शेरा मारला: "मजकूर ठीक. आरडाओरडा कमी."

उद्गारचिन्हांचं मी एक वेळ सोडून देईन. ग्लासाचं सोडणार नाही.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं उदंड होती. बाबा संघटनेत होते. माझ्या डब्यात पोळीखाली पत्रक, कपाटात साड्यांखाली पत्रक, डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी घातलेलं पत्रक. मी वाचायला शिकले ती "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो, झोपलात का" या ओळीवर. ही ओळ सरांची. अमरावतीकडच्या एका शाळेत ते मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संघटनेची सगळी पत्रकं लिहायचे. निवृत्त झाल्यावर फक्त पत्रकंच उरली. बायको कधीच गेली होती, मुलगा परदेशात. सकाळी उठून सर आधी एक वाक्य लिहायचे, मग दात घासायचे. वाक्य जमलं नाही तर दात राहायचे.

संघटना आमची लहान. इतकी, की फूट पाडायची ठरली तर माणसं बाहेरून आणावी लागली असती. पण नियम भरपूर होते. बाटलीबंद पाणी प्यायचं नाही. हात असलेल्या खुर्चीत बसायचं नाही, कारण तशा खुर्चीत पुढारी बसतात. आणि दौऱ्यावर असताना कार्यकर्त्यानं कार्यकर्त्याच्याच घरी उतरायचं. पैकी खुर्चीचा नियम सरांनी केला होता. बाकीचे कोणी केले ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते जास्त कडक होते.

सरांचं वागणं तऱ्हेवाईक, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. कोणाच्याही घरी गेले की फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायचे, कोणी येऊन आत नेईपर्यंत उभेच. बैठकीत कायम दाराजवळ बसायचे. का, तर म्हणे वारा लागतो. जेवताना दुसऱ्यांदा काही मागायचे नाहीत. आणि चहा-पाणी झालं की आपला ग्लास उचलून धुवायला निघायचे. यजमानीण "राहू द्या हो सर" म्हणायची, सर ऐकायचे नाहीत. या सवयीचं संघटनेनं पुढे तत्त्व केलं. "आपला ग्लास आपण धुवा, ही क्रांतीची पहिली पायरी" असं वाक्य तयार झालं. ते मीच तयार केलं होतं. शिबिरात टाळ्या पडल्या आणि नागपूरच्या दादांनी ते चौकट करून आपल्या दिवाणखान्यात लावलं. त्या दिवाणखान्यात ग्लास धुताना मी दादांना कधी पाहिलं नाही, पण चौकटीवर धूळ बसू देत नसत.

हे दादा म्हणजे आमचे अध्यक्ष. प्रताप नगरात त्यांचा दुमजली बंगला, बंगल्याचं नाव 'समता', आणि गॅरेजमध्ये संघटनेचं छपाईचं मशीन. दादांच्या घरी राहिल्याशिवाय आमचं एकही पत्रक छापून निघत नसे.

आता हॉटेलाचं. नागपूरच्या महाल भागात एक जुनं लॉज होतं, पूर्वी मोर्च्याला आलेली माणसं तिथं पथारी टाकायची. देशभर शाखा असलेल्या एका स्वस्त हॉटेलांच्या कंपनीनं त्यावर आपली पाटी लावली, तेव्हा सरांनी पत्रक काढलं होतं: "एकच चादर, एकच उशी, एकच हसू. गावोगावच्या माणसाला एका साच्यात ओतणाऱ्या या कारखान्याला पाहुणचार म्हणायचं का?" ते मला तोंडपाठ होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ते म्हणून मी बक्षीस मिळवलं होतं.

एका हिवाळ्यात आमचा शेवटचा मोठा दौरा निघाला. भाड्याची जीप, चालक गजू, मागे पत्रकांचे गठ्ठे आणि मी, पुढे सर. सर रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचे आणि दुरुस्त करायचे. गजू वैतागून म्हणाला, "सर, त्या बोर्डवाल्याले ऐकू जाऊन नाही राहिलं." सर म्हणाले, "तुले तं जाऊन राहिलं नं. तुह्या ट्रकवर तरी बरोबर लिहिशील." गजूला ट्रक घ्यायचा होता आणि मागे काय लिहायचं ते ठरत नव्हतं. कळमेश्वरला औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी पाळी सुटताना कंत्राटी कामगारांना पत्रकं वाटली, आणि दुपारी नागपुरात शिरलो. दादांकडे राहायचं, आसपास फिरायचं आणि शेवटी महालात अधिवेशन, असा बेत होता.

प्रताप नगरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावर, सर म्हणाले, "गजू, थांबव गा."

समोर निळी-नारिंगी पाटी होती. तीच कंपनी.

"सर, हे हॉटेल आहे," मी म्हणाले.

"वाचता येते मले."

"दादा वाट पाहताहेत."

"पाहू दे. वाट पाहणं तब्येतीले चांगलं असते." झोळी घेऊन ते उतरले आणि काचेच्या दारातून सरळ आत गेले. फाटकाबाहेर थांबणं नाही, हाक नाही. मला वाटलं प्रवासानं त्यांना काही झालं. मी मागोमाग धावले.

काउंटरवर निळ्या जाकिटातली एक मुलगी होती. तिनं सरांचं आधार कार्ड पाहिलं, कळफलकावर बोटं चालवली आणि अडली.

"सर, सरनेम काय टाकू?"

"सरनेम नाही."

"असं कसं सर, सरनेम तं राहतेच."

"होतं. सोडलं."

"कुठं?" तिनं विचारलं, सामान विसरलेल्या माणसाला विचारावं तसं.

मी पुढे झाले. जातिनिदर्शक आडनावाचा त्याग ही आपल्या चळवळीची कशी परंपरा आहे, हे मी तिला सांगायला लागले. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ते ठीक आहे मॅडम, पण सिस्टीम पुढं जाऊन नाही राहिली. एबीसी टाकू का?"

"टाक," सर म्हणाले. "आणखी काही विचारायचं आहे?"

"व्हेज का नॉनव्हेज? ब्रेकफास्टसाठी."

"बस? इतकंच?"

"इतकंच सर."

सर हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मुलीनं कागदी ग्लासात पाणी दिलं. सर ते हॉटेलच्या लॉबीत अगदी मधोमध उभं राहून, सावकाश, सगळं प्यायले.

मी दादांच्या घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. गजू जीप घेऊन पुढे गेला होता, आणि ती लावता लावता त्यानं सांगून टाकली होती. आमची पत्रकं लोकांपर्यंत जायला महिना लावत. ही बातमी संध्याकाळपर्यंत संघटनेच्या सगळ्या जिल्ह्यांत गेली. सर हॉटेलात उतरले. साखळी हॉटेलात. एसी आहे म्हणे. चंद्रपूरच्या शाखेनं फोन करून विचारलं की सरांनी पक्ष बदलला का. एकानं तर त्या पाटीखालून जाणाऱ्या सरांचा फोटो मिळवला आणि त्याभोवती लाल वर्तुळ काढून गटावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना जाब विचारायला गेले. मी चिडले होते, आणि चिडले की मला पत्रकाची भाषा येते. खोलीच्या टीव्हीवर अक्षरं होती: वेलकम मिस्टर एबीसी. पांढरीशुभ्र चादर, भिंतीवर झाडाचं चित्र. हेच झाड देशातल्या प्रत्येक खोलीत असणार. सर पलंगाच्या मधोमध मांडी घालून बसले होते.

"ये. बस. कुठंही बस," ते म्हणाले. "हे पाह्य, इथं चहाची किटली आहे. आपलं आपण करायचं."

"सर, 'एकच चादर, एकच उशी, एकच हसू.' कोणी लिहिलं होतं?"

"मीच. स्वल्पविराम अगदी जागेवर होते."

"आणि विचार?"

"तो तेव्हा हॉटेलात न राहता केला होता." त्यांनी प्लास्टिकच्या वेष्टनातले दोन कागदी कप काढले आणि एक माझ्यापुढे ठेवला.

"केवढा कचरा आहे हा," मी म्हणाले. "दर माणसाला रोज वेगळा कप."

"दर माणसाले," सर म्हणाले. "हेच तं."

मला काही कळलं नाही. मी पुढे बोलत राहिले. भांडवल, साचा, पाहुणचाराचा बाजार. सर किटलीचं बटण खालीवर करून बघत होते.

"इथं कोणी काही विचारत नाही," मधेच ते म्हणाले.

"कारण इथं कोणाला तुमचं काही पडलेलं नाही."

"हो नं," ते म्हणाले. "किती छान."

मी कप तसाच ठेवून निघाले. दारापाशी त्यांना सांगितलं, की दादा अधिवेशनात ठराव आणणार आहेत: नियमभंगाबद्दल पत्रकांचं काम सरांकडून काढून घ्यावं. सरांचा हात बटणावर थांबला. "मसुदा कोण करून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मंग निदान शुद्ध असन," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

मसुदा लिहायला मी दादांच्या दिवाणखान्यात बसले. समोर माझंच वाक्य, चौकटीत. दादा येरझारा घालत होते. "मी त्यांचं काय कमी केलं?" ते म्हणत होते. "इतकी वर्षं घरच्यासारखं ठेवलं. विचार तुझ्या वहिनीला, त्यांचा ग्लाससुद्धा आमच्याकडे राखून ठेवलेला असतो. दुसऱ्या कोणाला आम्ही तो देत नाही."

हे मी मसुद्यात घेतलं. आत्मीयतेचा पुरावा म्हणून चांगलं वाटलं.

चहाची वेळ झाली तेव्हा मी वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, मदत करायला स्वयंपाकघरात गेले. वहिनी माझ्यावर माया करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग मामाचं गाव. ते कळल्यावर "मंग तं घरचीच आहेस" म्हणून मला थेट ओट्यापाशी नेलं होतं. मी ते प्रेम समजत होते. पाणी प्यायला ग्लास हवा होता. मांडणीवरचे सगळे चहाच्या ट्रेबरोबर बाहेर गेले होते. मागच्या दाराबाहेर, धुण्याच्या नळाच्या कठड्यावर, साबणाच्या चुऱ्याशेजारी एक स्टीलचा ग्लास पालथा घातलेला दिसला. कडेखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका. मी तो उचलला.

"तो नको घेऊ वं," वहिनी पटकन म्हणाल्या. "तो सरांचा आहे."

"इथं बाहेर काहून?"

"ते सोताच धुतात नं. म्हणून तिथंच राहते."

"आणि हा ठिपका?"

"बाकीच्यात मिसळू नये म्हणून." वहिनींचा आवाज अगदी साधा होता. गॅस बारीक करायला सांगावं तसा. "ताट पण तिकडंच आहे, बादलीमागं. आमच्या सासूबाईंनी लावलेली पद्धत आहे बापा. ह्यांले त्यातलं काही माहीत नाही. हे तं समतावाले."

दादांना माहीत नव्हतं. दादा रोज त्या दारातून तुळशीला पाणी घालायला जात होते, आणि दादांना माहीत नव्हतं.

मी दिवाणखान्यात परत आले. चौकटीतलं वाक्य तिथंच होतं. आपला ग्लास आपण धुवा. एका माणसाचा ग्लास घराबाहेर ठेवला जातो, म्हणून तो स्वतः धुतो, आणि आम्ही त्याचं घोषवाक्य करून त्यालाच टाळ्या वाजवायला लावतो. दार, फाटक, दुसऱ्यांदा न मागणं, सगळं माझ्या डोळ्यासमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी मसुदा फाडला. ग्लास माझ्या झोळीत होता.

अधिवेशन महालातल्या एका भाड्याच्या सभागृहात होतं. व्यासपीठाची व्यवस्था माझ्याकडे होती. बाटल्यांना बंदी, त्यामुळे अध्यक्षांसमोर तांब्या आणि ग्लास. ग्लास मी माझ्या हातानं ठेवला आणि भरला. सर शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते.

मसुदा हरवला असं मी सांगितल्यामुळे दादांनी तोंडीच सुरुवात केली. तत्त्व, शिस्त, त्याग. आवाज चढत गेला. "सरांबद्दल मला वैयक्तिक आदर आहे," ते म्हणाले. "माझ्या घरी त्यांचा ग्लास आजही..." आणि घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी हात पुढे केला.

हात ग्लासापासून चार बोटांवर थांबला.

दादांनी लाल ठिपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पहिल्या रांगेत वहिनींनी पदर तोंडाशी नेला. दादा खाकरले, पुन्हा खाकरले.

"ग्लास बदला जरा," ते म्हणाले.

"दादा, स्वच्छ आहे. आत्ताच धुतला."

"बदला म्हटलं नं."

"पण काहून?" मी माईकजवळच उभी होते. सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं.

दादांनी हात मागे घेतला. दादांना माहीत होतं.

तेवढ्यात दाराजवळची खुर्ची सरकली. सर उठले. मधल्या वाटेनं, कोणाकडे न पाहता, ते व्यासपीठापर्यंत आले, ग्लास उचलला, उभ्यानंच सगळं पाणी प्यायले आणि रिकामा ग्लास आपल्या झोळीत टाकला. "चालू द्या अध्यक्ष महाराज," ते म्हणाले आणि मधल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले. ती हात असलेली होती.

ठराव वेळेअभावी पुढच्या अधिवेशनाकडे ढकलण्यात आला. तेव्हा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता.

मला वाटलं होतं, सर पाठ थोपटतील. बाहेर आल्यावर ते माझ्यावर उखडले.

"कोणाले विचारून केलं हे?"

"सर, एवढा अन्याय..."

"अन्याय माह्यावर होता नं? मंग मले विचारायचं होतं. उगीच उद्गारचिन्ह ठोकून देल्लं तू."

 मी विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं सहन काहून केलं?"

"मशीन त्याच्या गॅरेजमधी होती," सर म्हणाले. "पत्रकं तं छापाच लागतात."

"मग यंदाच काय झालं?"

सर जरा चालले. समोर एक संत्रेवाला हातगाडी लावत होता. त्यांनी एक संत्रं उचलून वास घेतला आणि परत ठेवलं.

"म्हातारपणी रात्री तहान लागते," ते म्हणाले. "अंधारात मागचं दार उघडून नळापाशी जा, तो ग्लास शोध. गुडघे ऐकत नाहीत आता. हॉटेलात ग्लास उशाशी असते."

दुसऱ्या दिवशी मी आणि गजू त्यांना घ्यायला गेलो. सर झोळी खांद्याला लावून तयार होते. खोलीत किटलीच्या ट्रेवर दोन नवे कागदी कप होते आणि त्यांच्याशेजारी, धुऊन पालथा घातलेला, स्टीलचा ग्लास. कडेखालचा लाल ठिपका ब्लेडनं खरवडून काढलेला होता. तिथं नुसता चकचकीत ओरखडा होता.

आम्ही जीपमध्ये बसतो न बसतो तोच काउंटरवरची मुलगी धावत आली. हातात ग्लास.

"सर, तुमचा ग्लास राहिला."

"माझा नाही," सर म्हणाले. "खोलीचा आहे."

तिनं ग्लास उलटासुलटा करून पाहिला. कुठं काही खूण नव्हती. "असन मंग," ती म्हणाली आणि तो परत आत घेऊन गेली.